दाढच तर काढायची आहे!

ती. स्व. आत्यास,


परवा फोनवर तू चांगलीच तापली होतीस. दाढ ठणकते म्हणून दवाखान्यात गेलीस, तर त्या पोरसवदा डॉक्टरने हातात पक्कड घ्यायच्या ऐवजी वही घेतली. अर्धा तास चौकशी केली, बोटाला सुई टोचून साखर बघितली, बीपी मोजला आणि तुला तशीच परत पाठवलं. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या आणि येताना पोटभर नाश्ता करून या म्हणाला. यावर तुझं म्हणणं असं की दाढच तर काढायची आहे, बायपास थोडाच करायचाय! तुझ्या सासऱ्यांची दाढ म्हणे रायपूरच्या तात्यापाऱ्यात ओसरीवर बसवून काढली होती आणि ते संध्याकाळी दुकानात हजर होते.

आत्या, मी स्वतः दातांची डॉक्टर, आणि मी त्या मुलाच्या बाजूने आहे. तो कोण, कुठे शिकला, मला ठाऊक नाही. पण ज्या डॉक्टरने तुझ्या तोंडात बघायच्या आधी तुझ्या गोळ्यांबद्दल विचारलं, त्याच्याकडे दाढ द्यायला मला काळजी वाटत नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. महाराष्ट्र मंडळात तुझ्या मैत्रिणींना वाचून दाखवलंस तरी माझी हरकत नाही. त्यातल्या निम्म्याजणींच्या पर्समध्ये तुझ्यासारखाच गोळ्यांचा डबा असतो.

तुझ्या मनातली खरी भीती तू शेवटी, फोन ठेवता ठेवता बोललीस: ‘खुर्चीतच चक्कर येऊन पडले तर?’ बाकी सगळी चिडचिड त्या एका वाक्यावर पांघरूण घालायला होती, हे मला कळलं.

दाताच्या खुर्चीत माणसं भोवळ येऊन बेशुद्ध होतात, हे खरं आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक स्टॅन्ली मॅलामेड यांनी उत्तर अमेरिकेतल्या ४,३०९ दंतवैद्यांकडून त्यांच्या दवाखान्यांत दहा वर्षांत उद्भवलेल्या आणीबाणीच्या प्रसंगांची माहिती गोळा केली आणि १९९३ मध्ये छापली. एकूण तीस हजारांवर प्रसंग निघाले, आणि त्यातले निम्मे साध्या भोवळीचे होते. सुई दिसली की शरीर पळायची तयारी करतं. रक्त मांड्या-पोटऱ्यांकडे धावतं. पण माणूस पळत नाही, कारण चारचौघांत पळून जाणं बरं दिसत नाही. पाय हलत नाहीत म्हणून रक्त तिथेच साठून राहतं, मग हृदयाची गती एकाएकी मंदावते आणि दाब कोसळतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन त्याला लागतो २० टक्के. त्याचं रक्त दहा सेकंद तुटलं तरी शुद्ध जाते.

लहान मुलं अशी क्वचितच पडतात. ती रडतात, लाथा झाडतात, डॉक्टरच्या बोटाला चावतात. भीती सगळी बाहेर टाकतात. पडतात ते पंचविशीतले, दंड फुगवलेले, ‘मला काही होत नाही’ म्हणून ओठ आवळून बसणारे तरुण. घाम सुटतो, चेहरा पांढराफटक पडतो, जांभया येतात, मळमळतं, आणि गडी गेला. खुर्ची आडवी करून पाय उंच केले की बहुतेक जण मिनिटाभरात डोळे उघडतात आणि ‘मी झोपलो होतो का?’ असं विचारतात.

ही खुर्ची आडवी होते, यामागेही एक इतिहास आहे. पूर्वी रुग्णाला ताठ बसवूनच वायूची भूल देत. १९५७ मध्ये बोर्न नावाच्या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की भूल दिलेल्या माणसाला ताठ बसलेल्या अवस्थेत भोवळ आली तर ती कुणाच्या लक्षातच येत नाही, तो भुलीतच आहे असं वाटतं, आणि तेवढ्यात मेंदूला कायमची इजा होऊन जाते. आडवा असता तर रक्त आपसूक डोक्याकडे गेलं असतं. रुग्णाची शुद्ध मुद्दाम घालवायची विद्या जगाला दिली तीसुद्धा दंतवैद्यांनीच, हे तुला माहीत नसेल. डिसेंबर १८४४ मध्ये होरेस वेल्सने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक केलं. तोही दंतवैद्यच. आणि दीडशे वर्षांनी, २००१ संपता संपता, ब्रिटनने इस्पितळाबाहेरच्या दातांच्या दवाखान्यात पूर्ण भूल द्यायला बंदीच घातली. तुला कुणी भूल देणार नाही. लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन तेवढी जागा बधिर करतील. तू जागी असशील, आणि मधेमधे बोलायला बघशील, हेही मला माहीत आहे.

आता मुद्द्यावर येते. भीतीची भोवळ तरुणांची. सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह आणि बीपी असलेल्या, हृदयात स्टेंट बसवलेल्या बाईची शुद्ध खुर्चीत गेली, तर तिला ‘घाबरली बिचारी’ म्हणून सोडून देता येत नाही. शुद्ध जाण्याचं कारण बहुधा दाताच्या डॉक्टरने निर्माण केलेलं नसतं. ते सकाळी घरातून तिच्याबरोबर निघालेलं असतं, आणि म्हणूनच घरातून निघायच्या आधी ते पकडता येतं. त्या मुलाची अर्ध्या तासाची चौकशी म्हणजे नेमकं हेच काम होतं.

पहिलं कारण साखर. वाढलेली नव्हे, उतरलेली. आपल्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की काहीही ‘काढायचं’ असलं की उपाशीपोटी जायचं. ऑपरेशनच्या वेळी तसं सांगतात, म्हणून दाढेलाही तेच. तुझ्यासारखी शिस्तीची बाई सकाळी सातला इन्सुलिन टोचून घेते, कारण ती वेळ कधी चुकवायची नाही. नाश्ता मात्र टाळते, कारण दाढ काढायची आहे. दहाची वेळ असते, आधीच्या रुग्णाचं काम लांबतं, साडेअकरा होतात. इन्सुलिन आपलं काम इमानाने करत राहतं, पोटात काही नसतं. साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, छाती धडधडते, दरदरून घाम सुटतो. ५४ च्या खाली गेली की मेंदू गडबडतो: माणूस असंबद्ध बोलतो, उगाच चिडतो, मग गुंगीत जातो. बाहेर बसलेला नातेवाईक म्हणतो, ‘घाबरलीय ती, नेहमी अशीच करते.’

त्यात तू बीपीसाठी आणि हृदयासाठी मेटोप्रोलोल घेतेस. ही गोळी धडधड आणि थरथर दाबून टाकते. म्हणजे साखर उतरल्याची निम्मी लक्षणं तुझ्यात दिसणारच नाहीत, उरेल फक्त घाम. रायपूरच्या मे महिन्यात, ४४ डिग्रीत उन्हातून आलेल्या बाईला घाम आला तर त्यात विशेष काय, असं कुणालाही वाटेल. त्या मुलाने तुला ‘मेटोप्रोलोल घेता का?’ असं विचारलं, तेव्हा तू मला ‘दाढेचा आणि त्याचा काय संबंध’ म्हणालीस. संबंध हा एवढा आहे.

आणि हरतालिका! दोन वर्षांपूर्वी हरतालिकेच्या दिवशी दुपारी देवघरातच तुझं भान गेलं होतं. शुद्धीवर आल्यावर सगळ्यांना हसत सांगितलंस, ‘जरा समाधी लागली होती.’ १८७७ साली नागपूरहून रायपूरला बैलगाडीने येताना वाटेत चौदा वर्षांच्या नरेंद्राचं, म्हणजे पुढच्या विवेकानंदांचं, भान हरपलं होतं. ती गोष्ट तू आम्हाला दर सुट्टीत सांगायचीस. आत्या, त्यांची समाधी असेल. तुझी साखर होती. तुमच्याकडे तर त्याच दिवशी सगळ्या छत्तीसगढी बायांचा तीजा असतो. आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात, तो करू भात, खाऊन दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंबही नाही. तुझ्या शेजारणी माहेरी जाऊन तो करतात आणि तू तात्यापाऱ्यात बसून त्यांच्याशी स्पर्धा करतेस. उपास सोड असं मी तुला सांगणार नाही, कारण सांगून उपयोग नाही. पण ज्या दिवशी उपास, त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही दाताच्या खुर्चीत बसायचं नाही.

दाढ काढून झाल्यावरही साखरेचा धोका संपत नाही, आणि हे कुणी सांगत नाही. तोंड बधिर, गालात कापूस, त्यात दुखणं. दुपारचं जेवण राहून जातं, पण औषधाची वेळ येते. तेव्हा जेवता येत नसेल तर संध्याकाळच्या इन्सुलिनचं काय करायचं, हे तुझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेव. मनाने कमीजास्त करू नकोस. ताकातल्या पातळ कण्या, गार झालेला मऊ भात, असं काहीतरी तयार ठेव. पाण्यात भिजवलेल्या भाताची बोरे-बासी मिळाली तर उत्तमच, मिरचीशिवाय.

दुसरं कारण हृदय, आणि इथे मला तुझ्यावर जरा रागवायचं आहे. फोनवर तू सहज म्हणालीस, ‘रक्त पातळ करायच्या गोळ्या मी चार दिवस आधीपासून बंद करते, म्हणजे रक्तस्राव होणार नाही.’ कुणी सांगितलं? तर शेजारच्या काकूंनी. त्यांनीही तसंच केलं होतं म्हणे. इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या तुझ्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ देत नाहीत. त्या मधेच बंद केल्या तर स्टेंट तुंबून झटका येऊ शकतो, आणि तसा झटका घरी, रिक्षात किंवा नेमका दाताच्या खुर्चीत येईल, आणि मग सगळे म्हणतील इंजेक्शनने बाई गेली. २००७ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी मिळून एक इशारा प्रसिद्ध केला तो याचसाठी: दातांच्या कामासाठी या गोळ्या परस्पर बंद करू नका. दाढेच्या खड्ड्यातलं रक्त डोळ्यांना दिसतं, कापूस दाबून, टाका घालून थांबवता येतं. स्टेंटमधली गुठळी दिसतही नाही आणि दाबताही येत नाही. तुझ्या हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्या मुलाने मागितली ती या गोळ्या चालू ठेवायच्या की नाही, हे लेखी हवं म्हणून. आणि स्टेंट नुकताच बसवला असता तर त्याने दाढ काढणं लांबणीवरही टाकलं असतं.

बधिर करायच्या औषधात अ‍ॅड्रेनालिन असतं, ते हृदयाला वाईट, असंही तू कुठून तरी ऐकलंयस. असतं, थोडंसं. त्यामुळे बधिरपणा टिकतो आणि रक्त कमी येतं. आपल्याकडे नेहमी वापरतात त्या १:८०,००० च्या औषधात एका मिलीलिटरला साडेबारा मायक्रोग्रॅम अ‍ॅड्रेनालिन असतं, आणि हृदयरोग्याला एका बैठकीत ४० च्या वर देऊ नये असा संकेत आहे. म्हणजे तीन मिलीलिटरपर्यंत. सुई शिरेत गेली नाही ना, हे दट्ट्या मागे ओढून बघायचं आणि औषध सावकाश सोडायचं. पण औषध वाचवायच्या नादात दाढ अर्धवट बधिर राहिली, तर दुखण्याच्या भरात तुझं स्वतःचं शरीर त्या सुईपेक्षा कितीतरी जास्त अ‍ॅड्रेनालिन रक्तात ओतेल. म्हणून दुखलं तर हात वर कर. ‘सहन करते’ हा तुझा गुण तिथे नको. वरचा बीपी १८० किंवा खालचा ११० असेल तर त्या दिवशी दाढ काढायचीच नाही. तसं झालं तर त्या मुलाशी भांडू नकोस.

सॉर्बिट्रेटची गोळी तू पदराच्या गाठीत बांधून ठेवतेस, ते ठीक. पण छातीत दुखलं तरच, आणि बसून किंवा आडवं होऊन. उभ्याने जिभेखाली ठेवलीस तर तिनेच दाब पडून तू खाली येशील.

आतोबांचंही आत्ताच सांगून टाकते, कारण तुझी दाढ झाली की त्यांची कवळी आहेच. ते प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेतात आणि दाताच्या डॉक्टरला ते सांगायला लाजतात. या गोळीने रक्तवाहिन्या सैल पडतात. अर्धा तास आडवं राहिलेला माणूस झटकन उभा राहिला की वरचा दाब २० ने उतरतो आणि तो दारापर्यंत पोचायच्या आत पडतो. काम सगळं नीट झालेलं असतं, आणि मग खुब्याचं हाड मोडतं. खुर्ची सरळ झाल्यावर दोन मिनिटं पाय लोंबकळत सोडून बसायचं, मग उठायचं. एवढंच.

तुझ्याकडे भांडी घासायला येते तिच्या मुलीबद्दल तू विचारलं होतंस. तिच्यावर मला जास्त लिहावंसं वाटतंय, कारण हा छत्तीसगढचा स्वतःचा प्रश्न आहे. मुलीला सिकल सेल आहे, हिरडी सुजली आहे आणि आई म्हणते, ‘दात काढताना ही मरून जाईल.’ म्हणून कुणाकडेच नेत नाहीत. सिकलच्या रुग्णाच्या लाल पेशींना ऑक्सिजन कमी पडला, शरीरातलं पाणी कमी झालं, फार थंडी वाजली किंवा जंतुसंसर्ग झाला की त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मग हाडं-सांधे असह्य दुखतात, छाती भरून येते, आणि मेंदूतली वाहिनी तुंबली तर लहान वयातही पक्षाघात होतो, शुद्ध जाते. म्हणजे तिच्या आईची भीती अगदीच खोटी नाही. फक्त ती उलट्या टोकाला चिकटली आहे. दातातला पू तसाच ठेवणं हेच तिच्या मुलीसाठी मोठं संकट आहे, कारण तो संसर्गच पेशी वाकवतो.

तुला एक आश्चर्याची गोष्ट सांगते. पाश्चात्त्य वैद्यकात या आजाराची पहिली नोंद झाली ती एका दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याची. वॉल्टर क्लेमेंट नोएल, वेस्ट इंडिजमधल्या ग्रेनाडा बेटावरचा मुलगा, १९०४ मध्ये दातांचं शिक्षण घ्यायला शिकागोला आला आणि काही महिन्यांत इस्पितळात दाखल झाला. त्याच्या रक्तातल्या त्या विळ्यासारख्या पेशी अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने आधी पाहिल्या आणि त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्यावर लिहिलं. नोएलने शिक्षण पुरं केलं, ग्रेनाडाला परतला, तिथे दवाखाना चालवला आणि १९१६ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, न्यूमोनियाने गेला. दाताच्या खुर्चीच्या या बाजूला उभा राहून काम करणारा तो सिकलचा रुग्ण होता. त्या मुलीच्या आईला हे सांग.

बधिर करून सिकलच्या मुलीचा दात काढता येतो. सकाळची पहिली वेळ, काम थोडं, एसीचा झोत अंगावर नको, घरून पाणी पिऊन यायचं आणि बाटली सोबत, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, जवळ सिलिंडर, आणि दुखण्याचं औषध दुखायच्या आधी. ताप असेल किंवा अंग दुखायला लागलं असेल तर खाजगी दवाखान्यात नकोच. मेकाहारा इस्पितळात किंवा टाटीबंधला एम्समध्ये न्या, शासकीय दंत महाविद्यालयही आहेच. आणखी एक. कधी कधी सिकलमध्ये जबड्याच्या हाडाचंच रक्त तुटतं आणि दात धडधाकट असून जबडा ठणकतो, खालचा ओठ बधिर होतो. अशा वेळी उगाच चांगला दात उपटला जातो. मुलीला तपासणीनंतरचं सिकलचं कार्ड मिळालं असेल तर ते खुर्चीत बसायच्या आधी दाखवायचं. केंद्राची सिकल सेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला शेजारच्या शहडोलहून सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट होतं. पण कार्ड ट्रंकेत ठेवलं आणि डॉक्टरने विचारलं नाही, तर त्याचा उपयोग शून्य.

आणि त्या बाईला तेवढं गुडाखू सोडायला सांग. तंबाखू आणि गुळाची ती लाल पेस्ट दिवसातून चारदा हिरड्यांवर घासायची आणि मग हिरड्या सैल झाल्या म्हणून आणखी घासायची. तुमच्या गावात कितीतरी बायका त्यालाच दाताचं औषध समजतात. निकोटिन नाडी आणि दाब दोन्ही वाढवतं. दवाखान्याच्या दारात शेवटचं बोट घासून आत येणारीचा बीपी खरा कसा मोजायचा?

आता, एवढं सगळं करूनही कुणाची शुद्ध गेलीच तर. तू खुर्चीत असशील तेव्हा हे आतोबांना माहीत हवं, म्हणून त्यांना हा भाग मोठ्याने वाचून दाखव. कांदा हुंगवायचा नाही. चप्पल तर मुळीच नाही. तोंडात पाणी, साखर, चमचा, काही घालायचं नाही. बेशुद्ध माणूस गिळत नाही, ते सरळ श्वासनलिकेत जातं. जागी असताना साखर उतरली असेल तर मात्र तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायला द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. फिट आली तर हातपाय दाबून धरायचे नाहीत, आसपासची हत्यारं बाजूला करायची, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर गंभीर. साध्या भोवळीतसुद्धा हातपाय दोन-चार वेळा झटकतात, त्याला लगेच फिट म्हणायचं नाही. आणि श्वास नीट चालत नसेल, हाक मारून, खांदा हलवून उत्तर नसेल, तर विचार करत बसायचं नाही. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहात ठेवून दाबायला लागायचं, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दाताच्या खुर्चीवर हे करता येतं. ती आडवी करून पाठीखाली स्टूल सरकवलं की हलत नाही. आतोबांनी एनसीसीत केलंय, त्यांना जमेल.

त्या दवाखान्यात गेलीस की मी सांगितलंय म्हणून एक काम कर. ऑक्सिजनचा सिलिंडर कुठे आहे, ते विचार. लाजू नकोस. मी कितीतरी चकाचक दवाखाने बघितलेत: भिंतीएवढा टीव्ही, कॉफीचं यंत्र, हसऱ्या दातांचे फोटो, आणि सिलिंडर विचारला की मदतनीस कपाटाच्या मागे शोधायला लागते. सिलिंडर, ग्लुकोज, अ‍ॅड्रेनालिनची कुपी, अ‍ॅस्पिरिन, दम्याचा पंप, साखरेचं आणि बीपीचं यंत्र हे सगळं मिळून त्या कॉफीच्या यंत्रापेक्षा फार महाग नसतं. मंडपातल्या मोफत दात-शिबिरांचा मला याच कारणाने धसका आहे. तपासणी करा, ब्रश वाटा, चांगलंच काम आहे. पण दुपारी दोनच्या उन्हात रांगेत उभ्या राहिलेल्या उपाशी म्हाताऱ्यांचे दात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून काढू नका, एवढं मी दरवेळी आयोजकांना सांगते. दरवेळी ते म्हणतात, ‘मॅडम, आजवर कुणाला काही झालं नाही.’ तुझ्या सासऱ्यांनाही ओसरीवर काही झालं नाही. पण ते तेव्हा पन्नाशीत होते, एक गोळी घेत नव्हते, आणि आज त्यांच्यासारखा माणूस माझ्या खुर्चीत क्वचितच येतो. माझ्याकडे येतात ते तुझ्यासारखे. नव्या औषधांनी तुमची आयुष्यं वाढवली, दातही टिकले, म्हणून तुम्ही सत्तरीत खुर्चीत बसता. पूर्वी या वयात काढायला दातच उरत नसत.

तेव्हा असं कर. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी या आठवड्यात आण. वेळ सकाळी दहाची घे, दुपारची देत असतील तर नको म्हण. त्या दिवशी नेहमीच्या वेळी नाश्ता, नेहमीच्या वेळी गोळ्या आणि इन्सुलिन. चिठ्ठीत वेगळं लिहिलं असेल तर तसं. गोळ्या डब्यात भरून नेऊ नकोस, डब्यातली पांढरी गोळी कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. औषधांच्या पट्ट्या, इन्सुलिनचं पेन, आयुर्वेदिक चूर्णाची पुडी, गुडघेदुखीसाठी त्या वैद्याकडून आणतेस ते पावडर, सगळं पिशवीत घालून ने. ते पावडर विशेषकरून दाखव. असल्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. ते महिनोन् महिने पोटात गेलं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं आणि ताण आला की दाब सावरत नाही. गेल्या दोन वर्षांत कधी चक्कर आली, कधी पडलीस, देवघरातलं धरून, सगळं सांग. रिक्षाने जा, आतोबांना गाडी चालवू देऊ नकोस.

झालं की फोन कर. बोलता येत नसेल तर आतोबांना करायला सांग. बाबा विचारत होते, दाढेचं आटपलं की नागपूरला येतेस का म्हणून. ये, पण सावजीचा आग्रह पहिल्या आठवड्यात कुणी करणार नाही, हे मी घरात सगळ्यांना बजावलंय.

तुझी,
भाची